कोण कोणत्या तुकडीत?

नव्या वर्षाच्या तुकड्या जाहीर झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा येतो. प्राथमिक वर्गांतली मुलं कोणत्या तुकडीत आणि कोणत्या शिक्षकांकडे जाणार, हे ठरतं कसं? पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक अशा तिघांचीही पत्रं आहेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचंही थोडं उत्तर असल्याने ती इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी दुसरीत गेली. जुन्या वर्गातल्या निम्म्या मुली दुसऱ्या तुकडीत गेल्या. या याद्या कुणी विचार करून बनवतं, की हजेरीपट मधोमध कापतात?

उत्तर : दोन्ही होतं. विचार करून तुकड्या पाडायला प्रत्येक इयत्तेमागे किमान दोन बैठका लागतात. तेवढा वेळ काढला नाही, की सोप्या वाटा धरल्या जातात.

पहिली सोपी वाट म्हणजे आडनावाच्या क्रमाने यादी करून ती कापणं. यात भावंडं, चुलत भावंडं आणि एकमेकांच्या नात्यातली मुलं एका तुकडीत गोळा होतात. दुसरी वाट दाखल क्रमांकाची. ती वरवर निःपक्षपाती दिसते, पण पहिल्याच दिवशी अर्ज भरणाऱ्या घरांतली मुलं एकीकडे जातात आणि उशिरा आलेली, शाळा बदलून आलेली, घरची धावपळ असलेली मुलं शेवटच्या तुकडीत जमतात. म्हणजे ज्यांना आधाराची गरज जास्त, ती सगळी एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात. तिसरी वाट गुणांच्या क्रमाची. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

तुमच्या शाळेने काय केलं हे ओळखायची सोपी खूण आहे. जुन्या प्रत्येक तुकडीतली मुलं नव्या तुकड्यांत साधारण सारखी विखुरली असतील, आणि मुलीच्या ओळखीच्या एक-दोघी तरी तिच्यासोबत असतील, तर कुणीतरी टेबलाशी बसून काम केलेलं आहे. निम्म्या मैत्रिणी दुसरीकडे गेल्या, यात वावगं काही नाही. दोन तुकड्या नव्याने पाडल्या तर ते अपेक्षितच आहे.

प्रश्न : तिसरीत ८७ मुलं आणि तीन तुकड्या. दर वर्षी याद्या लावल्यावर पंधरा दिवस बदलाबदलीत जातात, आणि शेवटी एक तुकडी फार जड होते. आम्ही कुठे चुकतो? (एक मुख्याध्यापिका)

उत्तर : चूक बहुधा यादीत नसते, ती त्या पंधरा दिवसांत होते. पहिला मसुदा बऱ्याच शाळांत ठीक असतो. मग एकेक विनंती येते, एकेक मूल हलतं, आणि प्रत्येक वेळी ‘एकानं काय फरक पडतो’ असं वाटतं. दहा मुलं हलली की मसुद्यातला तोल गेलेला असतो. म्हणून वाटप आणि वाटपानंतरचे बदल, दोन्हींना नियम हवेत.

सुरुवात कार्डांनी करा. संगणकावर याद्या छान दिसतात, पण समतोल हाताने सरकवता येणाऱ्या कार्डांवर लवकर दिसतो. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, दोन रंगांची कार्डं घ्या, मुलींची एका रंगाची आणि मुलग्यांची दुसऱ्या. वर्ष संपण्यापूर्वी जुन्या वर्गशिक्षकांनी प्रत्येक कार्ड पेन्सिलने भरायचं. नाव, जन्मतारीख, जुनी तुकडी, घरी बोलली जाणारी भाषा. वाचनाची पायरी १ ते ४ : १ म्हणजे अक्षरओळख कच्ची, २ म्हणजे शब्द वाचतो पण वाक्यात अडखळतो, ३ म्हणजे सलग वाचतो, ४ म्हणजे न वाचलेला उतारा वाचून समजावून सांगतो. गणिताचं तसंच. खाली तीन ओळी : कोणासोबत हवं, कोणापासून वेगळं हवं, कोणती सोय लागते. शिक्षकाचं खूप लक्ष लागणाऱ्या मुलाच्या कार्डाचा एक कोपरा लाल करायचा.

या कार्डावर विशेषण लिहू देऊ नका, दिसलेलं वागणं लिहायला सांगा. ‘भांडखोर’ या शब्दाने नव्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं चिडचिड करतो, पाणी पिऊन दाराजवळ बसला की शांत होतो’ यातून सगळं कळतं. लेबलाचं ओझं शिक्षकाच्या नजरेत उतरतं. १९६८ साली रोझेंथल आणि जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना काही मुलं ‘यंदा झपाट्याने पुढे जातील’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती मुलं नुसती सोडतीने निवडलेली होती. तरी वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचे बुद्धिमापन चाचणीतले गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. त्या निष्कर्षांवर नंतर बरेच वाद झाले आणि परिणाम सुरुवातीला वाटला त्याहून लहान असल्याचं मत बळावलं. पण चांगलं लेबलही जिथे जपून वापरावं लागतं, तिथे वाईट लेबल कार्डावर येऊच नये.

आता वाटप. टेबलावर अ, ब, क अशा तीन जागा करा, आणि शिक्षकांची नावं अजून लावू नका. आधी ज्यांची जागा हलू शकत नाही ती कार्डं ठेवा. चाकाच्या खुर्चीतलं मूल तळमजल्यावरच्या खोलीत, श्रवणयंत्र लावणारं मूल रस्त्यापासून लांबच्या, कमी गोंगाटाच्या खोलीत. मग ‘वेगळं हवं’ असलेल्या जोड्या तोडा. त्यानंतर लाल कोपऱ्याची कार्डं. अशी १२ असतील तर प्रत्येकी ४. याला एकच अपवाद आहे. विशेष शिक्षक दिवसातून तासभरच मिळत असतील, तर त्यांची मदत लागणारी सहा मुलं एका तुकडीत ठेवून तो तास तिथे देणं शहाणपणाचं ठरतं. पण मग त्या तुकडीचा पट दोन-तीनने कमी ठेवायचा. हे दुसरं पाऊल विसरलं की तीच तुमची ‘जड’ तुकडी होते.

उरलेली कार्डं नागमोडी वाटा. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, वाचनाच्या पायरीनुसार लावलेले. पहिलं कार्ड अ, दुसरं ब, तिसरं क. चौथं पुन्हा क, पाचवं ब, सहावं अ. प्रत्येक फेरी अ-ब-क अशीच केली तर दर तीन मुलांतलं पुढचं मूल नेहमी ‘अ’ला आणि मागचं नेहमी ‘क’ला मिळतं. एका फेरीत तो फरक दिसत नाही, तेरा फेऱ्यांनंतर दिसतो. मुलग्यांचं वाटप ‘क’पासून सुरू करा, म्हणजे शेवटच्या अर्ध्या राहिलेल्या फेरीचा कलही सावरला जातो. ८७ मध्ये ३९ मुली आणि ४८ मुलगे असतील तर प्रत्येक तुकडीत १३ आणि १६ यायला हवेत. आधी हाताने ठेवलेली कार्डं धरून हे आकडे मोजा.

मग तपासणी. जुन्या तीन तुकड्यांत २९-२९ मुलं होती, तर नव्या तुकडीत प्रत्येकीतून ९-१० यायला हवीत. कुठलंही मूल जुन्या वर्गातलं एकटं पडता कामा नये. घरची भाषा वेगळी असलेलं एकच मूल तुकडीत येत असेल तर तशाच दुसऱ्या मुलाची जोड द्या. शेवटी जन्मतारखा पाहा. एकाच इयत्तेत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळपास बारा महिन्यांचं अंतर असतं, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या आयुष्याचा सहावा भाग असतं. वर्षाच्या शेवटी जन्मलेली सगळी एका तुकडीत गेली तर ती तुकडी वर्षभर ‘कच्ची’ वाटत राहते, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

एवढं झाल्यावर शिक्षकांची नावं लावा. एखाद्या मुलाची गरज ठरावीक शिक्षकालाच सांभाळता येणारी असेल, तेवढाच अपवाद आधी नोंदवून ठेवा. बाकी नावं शेवटी लावली की आपल्याला सोयीची तुकडी घडवण्याचा मोह कुणालाच राहत नाही.

बदलांचा नियम साधा ठेवा. मूल एकटं हलत नाही, अदलाबदल होते. वाचनात २ पायरीवरची मुलगी गेली तर २ पायरीवरचीच मुलगी आली पाहिजे, लाल कोपरा गेला तर लाल कोपरा आला पाहिजे. प्रत्येक बदलासाठी एका वहीत चार रकाने भरा : तारीख, कुणी मागितला, कारण, कोणाच्या बदल्यात कोण. कारणाचा रकाना भरता येत नसेल तर तो बदल करायचा नाही. ही वही ठेवली की पहिल्याच वर्षी विनंत्या कमी होतात, कारण ‘बघू या’ असं उत्तर देणं बंद होतं.

प्रश्न : नव्याने रुजू झालो आहे. अवघड म्हणावी अशी बहुतेक मुलं माझ्याच वर्गात आहेत. हा योगायोग समजू का? (एक शिक्षक)

उत्तर : समजू नका, पण कुणाच्या दुष्टपणामुळे झालं असंही समजू नका. एकाच शाळेतल्या अनुभवी शिक्षकांकडे तुलनेने पुढची मुलं आणि नव्यांकडे मागे पडलेली मुलं जाणं, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. जुन्या शिक्षकांचा याद्यांवर शब्द चालतो, बोलक्या पालकांच्या विनंत्या माहितीतल्या नावांभोवती जमतात, आणि नवा माणूस यादी होते तेव्हा शाळेत नसतोच. तुम्ही काय करू शकता? तक्रारीऐवजी आकडे घेऊन जा. तिन्ही तुकड्यांत वाचनाच्या पायरी १ ची किती मुलं, विशेष मदत लागणारी किती, वर्षात शाळा बदलून आलेली किती. तीन ओळींचा तक्ता मुख्याध्यापकांसमोर ठेवला की बोलणं तुमच्या सोसण्याकडे न जाता वाटपाकडे वळतं. आता मुलं हलवणं कठीण असेल तर दोन गोष्टी मागा : मदतनीसाचे जास्तीचे तास, आणि वर्षाच्या मध्यात येणारी नवी मुलं आधी इतर तुकड्यांत घालणं.

तुमच्या वर्गाचे निकाल शेजारच्या वर्गाशी ताडले जात असतील तर आणखी एक गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आकडेवारीवर जेसी रॉथस्टाइन यांनी २०१० साली दाखवलं, की पाचवीच्या शिक्षकांचा ‘परिणाम’ मुलांच्या चौथीतल्या प्रगतीवरही दिसतो. पुढच्या वर्षीचा शिक्षक मागच्या वर्षी शिकवू शकत नाही. मुलंच निवडून दिली जात असल्याने तसं दिसलं. वाटप समतोल नसेल तर दोन शिक्षकांच्या निकालांची तुलना अर्थाची नसते.

प्रश्न : एका शिक्षिकेबद्दल खूप चांगलं ऐकलं आहे. मुलाला त्यांच्याच वर्गात घालावं असं पत्र शाळेला द्यावं का?

उत्तर : शिक्षिकेचं नाव लिहू नका, मुलाबद्दल लिहा. ‘अमुक बाईच हव्यात’ या पत्रावर शाळेला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, आणि हो म्हटलं की तशीच आणखी वीस पत्रं येतात. त्याऐवजी असं लिहा : ‘मोठ्या आवाजाने तो गोंधळतो. सूचना एकेक दिली तर करतो, तीन एकदम दिल्या तर थांबतो. मागच्या वर्षी पुढच्या बाकावर बसवल्यावर लिहायला लागला.’ अशा पाच-सहा ओळी यादी करणाऱ्याच्या खऱ्या कामाला येतात. पत्र याद्या होण्याआधी, म्हणजे चालू वर्ष संपायच्या महिनाभर आधी, जुन्या वर्गशिक्षकांकडे द्या. याद्या लागल्यावर दिलेलं पत्र दुसऱ्या एखाद्या मुलाला हलवूनच मान्य होतं.

एखाद्या शिक्षकाशी आधी गंभीर प्रसंग घडला असेल, भावंडाला त्रास झाला असेल, तर मात्र नाव घेऊन, प्रसंग आणि तारीख लिहून सांगा. ती पसंती-नापसंतीची बाब राहत नाही.

प्रश्न : हुशार मुलांची एक तुकडी वेगळी केली तर सगळ्यांना आपापल्या वेगाने शिकता येणार नाही का?

उत्तर : या बाजूने पुरावाच नाही असं आम्ही म्हणणार नाही. केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांतला डुफ्लो, ड्युपा आणि क्रेमर यांचा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पहिलीच्या दोन तुकड्या काही शाळांत सोडतीने, तर काही शाळांत गुणांनुसार पाडल्या. गुणांनुसार पाडलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या, दोन्ही तुकड्यांतली मुलं अधिक शिकली. पण तिथे कोणत्या शिक्षकाला कोणती तुकडी, हे सोडतीने ठरलं होतं, आणि पातळी सारखी झाल्यामुळे शिक्षकांना शिकवणं मुलांच्या गरजेवर आणता आलं.

आपण नेहमी पाहतो ती ‘हुशार तुकडी’ अशी नसते. तिला अनुभवी शिक्षक, उजेडाची खोली आणि पालकांचं लक्ष मिळतं, आणि शेवटच्या तुकडीला उरलेलं. शिवाय सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याचं वय आणि घरचा अभ्यास किती मिसळलेला असतो हे वर आलंच आहे. एकदा ‘ड’मध्ये गेलेलं मूल क्वचितच वर येतं, कारण तिथला धडाच मागे असतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : तुकड्या मिश्र ठेवा, आणि वाचन-गणिताच्या तासापुरते सर्व तुकड्यांतून गट करा. रोज चाळीस-पन्नास मिनिटं, दर सहा आठवड्यांनी तपासून बदलणारे. तास संपला की मूल आपल्या वर्गात परत. गट सहा आठवड्यांनी खरंच बदलले नाहीत, तर तीच हुशार तुकडी वेगळ्या नावाने तयार होते.

प्रश्न : जुळी मुलं पहिलीत जाणार आहेत. शाळा म्हणते वेगळ्या तुकडीतच ठेवायची. हे बरोबर आहे का?

उत्तर : सरसकट नियम म्हणून नाही. सर्व जुळ्यांना वेगळं ठेवल्याने अभ्यासात फायदा होतो असं संशोधनातून दिसत नाही, आणि शाळेच्या पहिल्याच वर्षी वेगळ्या केलेल्या जुळ्यांत चिंता, रडवेलेपणा थोडा जास्त आढळल्याचेही अभ्यास आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ साली जुळ्यांच्या पालकांना एकत्र की वेगळं हे मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला. एक दुसऱ्याच्या वतीने सतत बोलत असेल, दोघांची सतत तुलना होत असेल, किंवा दोघं मिळून इतरांना दूर ठेवत असतील, तर वेगळं करण्याचा विचार करा. तसं नसेल तर पहिलं वर्ष एकत्र, वर्षअखेरीस पुन्हा चर्चा. दोघांनाही वेगवेगळं विचारा. उत्तरं अनेकदा निरनिराळी येतात.

हेच मैत्रीबद्दल. प्रत्येक मुलाला तीन नावं विचारायची आणि त्यातलं किमान एक सोबत द्यायचं, हे साऱ्या इयत्तेसाठी बहुतेक वेळा जमतं. ‘एकच नाव सांग’ म्हटलं की जमत नाही, कारण पाच-सहा मुलं एकाच लाडक्या मुलाचं नाव लिहितात.

प्रश्न : त्याच शिक्षकांनी वर्ग पुढच्या इयत्तेत नेणं चांगलं, की प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक?

उत्तर : प्राथमिक वयात मुलाला ओळखणारा एक माणूस असणं जास्त मोलाचं, असं आमचं मत आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांवरचा २०१८ सालचा अभ्यास सांगतो, की तेच शिक्षक दुसऱ्यांदा मिळालेल्या मुलांची प्रगती थोडी जास्त होते. पहिले काही आठवडे ओळख करून घेण्यात जात नाहीत, हे त्याचं साधं कारण. उलट ह्यूस्टनमधल्या ५० प्राथमिक शाळांत रोलंड फ्रायर यांनी केलेल्या प्रयोगात विषयवार शिक्षक दिल्यावर मुलांचे गुण घसरले. एकेका शिक्षकाकडे मुलं जास्त झाली आणि प्रत्येकाची ओळख कमी झाली.

पण वर्ग पुढे नेताना एक दार उघडं ठेवा. ज्या मुलाचं त्या शिक्षकांशी जमलं नाही, त्याला दोन वर्षं तिथेच ठेवणं क्रूर आहे. पहिलं वर्ष संपताना सर्व पालकांना बदल हवा का हे लेखी विचारा, म्हणजे कुणा एकालाच तक्रारदार व्हावं लागत नाही.

प्रश्न : कमाल पट ४० ठरलेला आहे, ४१ वं मूल आलं. वर्षाच्या मध्यात तुकडी फोडायची का?

उत्तर : कमाल पटाच्या नियमात ही पायरी असतेच. इस्रायलमध्ये बरीच वर्षं ४० ची मर्यादा होती, तेव्हा तिथे ४० मुलांचा एक वर्ग आणि ४१ झाली की २० आणि २१ चे दोन. जपानने २०२१ साली कायदा बदलून प्राथमिक वर्गांची मर्यादा ४० वरून टप्प्याटप्प्याने ३५ वर आणायचं ठरवलं, तेव्हा तिथे ३६ व्या मुलाला १८-१८ होतात. लहान वर्गाचा फायदा खरा आहे. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांतली सुमारे ११,६०० मुलं आणि त्यांचे शिक्षक सोडतीने वाटून दिले होते, आणि १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५ च्या वर्गांतल्यांपेक्षा पुढे गेली.

तरीही फोडण्याची वेळ महत्त्वाची. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फोडता येत असेल तर जरूर फोडा, आणि दोन्ही वर्ग कार्डांवरून नव्याने पाडा. नुसती शेवटची वीस नावं उचलून नव्या शिक्षकाकडे देऊ नका, ती उशिरा दाखल झालेली मुलं असतात. सहामाही उलटली असेल तर वर्ग तसाच ठेवून दुसरा शिक्षक वाचन-गणिताच्या तासांना द्या. नव्या मुलासाठी जागा दाखल होण्याआधीच राखायची असते. एप्रिलमध्ये याद्या करताना प्रत्येक तुकडीत एक-दोन रिकामी कार्डं ठेवा आणि त्यांचा क्रम लिहून ठेवा : पहिलं नवं मूल ब, दुसरं क, तिसरं अ. नव्या मुलाला पहिल्या दिवशी सोबतीला एक नाव ठरवून द्या, आणि चौथ्या आठवड्यात त्याचं कार्ड भरून पुन्हा मोजा.